दोन पोळ्यांचं ताट

झरेमा पीठ मळत होती आणि नानुली खारं चीज कुस्करत होती, तेव्हा परसदारी सफरचंदवाली आली. खोऱ्यातल्या वरच्या जॉर्जियन गावांतून ती दर रविवारी पाटी घेऊन शहरात उतरायची. आज तिनं पाटी खाली ठेवलीच नाही. उंबऱ्याबाहेरूनच तिनं नानुलीला तिच्या माहेरच्या बोलीत दोन वाक्यं सांगितली, झरेमाकडे बघून मान हलवली आणि आल्या पावली परतली. मतदानामुळे वाटेवरची चौकी बंद होणार होती, ती सोमवारी उजाडल्यावरच उघडायची होती.

नानुलीचे हात चिजातच राहिले.

"आई गेली," ती म्हणाली. "पहाटे. झोपेतच."

झरेमानं पिठाच्या हातांनीच तिला जवळ घेतलं. दोघींमध्ये वयाचं अंतर बरंच, पण लढाईच्या हिवाळ्यात एकाच तळघरात, एकाच गोधडीखाली काढलेले दिवस जावांच्या नात्याला बहिणीचं नातं करून गेले होते. झरेमाच्या खांद्यावर डोकं टेकून नानुली थोडा वेळ रडली, आवाज न करता. या घरात आवाज न करता रडायची तिला सवय होती. मग तिनं डोळे पुसले आणि पुन्हा चीज कुस्करायला लागली.

झरेमाचं मन मात्र पुढच्या गोष्टींकडे धावलं. आज देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष निवडायचा होता. जॉर्जियनांशी लढून वेगळ्या झालेल्या आमच्या देशाला देश म्हणणारं जगात दुसरं कुणी नव्हतं, हे खरं. पण पेट्या आल्या होत्या, कागद छापून आले होते, शाळेच्या दारावर झेंडा लागला होता. त्या शाळेतल्या मतदानाचा प्रमुख होता झरेमाचा नवरा, अखसार. दुपारी गल्लीतली वडीलधारी मंडळी सासऱ्यांच्या, म्हणजे तोत्राजबाबांच्या ताटाला बसणार होती. एवढ्या मोठ्या दिवशी देवाचं नाव घेऊन, चीज भरलेल्या तीन पोळ्यांवर प्रार्थना व्हावी, असं म्हाताऱ्यांनी ठरवलं होतं.

"दुपारचं ताट होऊन जाऊ दे," झरेमा म्हणाली. "पाहुणे उठले की मी ह्यांच्या कानावर घालते. आत्ता सांगितलं तर कुणी धड ऐकायचं नाही बघ. आज सगळ्यांच्या कानात एकच गोष्ट आहे."

नानुलीनं चिजाचा गोळा परातीत ठेवला. जरा वेळानं म्हणाली, "जाऊबाई, एकटी गेले तर ते मला परत पाठवणार नाहीत. झाक्रो म्हणेल, नवरा नाही, मूल नाही, सासरचं कुत्रंसुद्धा बरोबर आलं नाही. कशाला जातेस."

झाक्रो तिचा भाऊ. तो असं म्हणेल आणि त्याचं चूकही नसेल, हे झरेमाला कळत होतं. व्याह्यांच्या घरी मौत झाली तर सासरच्या वडीलधाऱ्यांनी दारात जाऊन उभं राहायचं, ही रीत खोऱ्याच्या वरही तीच होती आणि खालीही तीच. पण लढाई झाल्यापासून या घरातला एकही पुरुष वरच्या गावाच्या वाटेनं गेला नव्हता. नानुलीचा नवरा खेताग, या घरातला मधला मुलगा, त्याच वाटेवर मारला गेला होता. कुणाच्या बंदुकीनं, ते कुणालाच माहीत नव्हतं. कुठल्या बाजूनं, ते सगळ्यांना माहीत होतं.

"तुला परत यायचंय ना?" झरेमानं विचारलं. विचारल्यावर तिचं तिलाच वाटलं, हे आपण आपल्यासाठी विचारतोय.

"माझं घर कुठलं आहे दुसरं?" नानुली म्हणाली.

बातमी झरेमा सांगू शकली असती, पण बरोबर चला हे मागणं नानुलीचं होतं, आणि ते सासऱ्यांपुढे तिनं मांडायचं कसं, हा खरा पेच होता. आमच्याकडे नवी सून सासऱ्यांसमोर, दिरांसमोर बोलत नाही. त्यांचं नाव घेत नाही, आवाज ऐकू देत नाही. मग एक दिवस सासरा स्वतः तिला काही भेट देतो आणि म्हणतो, बोल पोरी. तेव्हा तिचं तोंड उघडतं. झरेमाचं तोंड लग्नाच्या दुसऱ्या वर्षी उघडलं होतं, चांदीचा कमरपट्टा देऊन. नानुलीचं राहून गेलं. आधी सासूबाईंचं आजारपण आलं, मग लढाई, मग खेताग गेला, आणि त्यानंतर तो विषय काढायचं कुणाला सुचलंच नाही. म्हातारा तिच्या हातचं खात होता, तिनं वाळवलेले कपडे घालत होता, आणि आठ वर्षांत त्यानं तिचा आवाज ऐकला नव्हता. निरोप असला की नानुली नणंदेच्या कानात सांगायची आणि नणंद, आझा, ते मोठ्यानं सांगायची. आझा आज सकाळपासून शाळेत मतदारयादी घेऊन बसली होती.

*

शाळेत अखसार तिसऱ्यांदा त्याच पानाजवळ येऊन उभा राहिला होता.

"भाऊ, एवढं बघून नाव काही बदलायचं नाही," आझा म्हणाली. ती त्याची धाकटी बहीण, लग्न न केलेली, आणि साऱ्या गल्लीत त्याला न घाबरणारी एकटीच. त्यांच्या घराच्या नावांपुढे सह्या झाल्या होत्या: बाबांची पहाटेच, टोपी काढून, देवळात गेल्यासारखी, झरेमाची, धाकट्या भावाची, इनालची, ती खोड्या काढत. एकच जागा कोरी होती.

इनालनं येताना शेजारच्या बिबोकाकांना आणलं होतं. दोन्ही भावांचे उमेदवार वेगळे. अखसारचा होता तो डोंगरातून आलेला, लढाईत पुढे असलेला. इनालचा शहरातला, शिकलेला, कोट घालणारा. घरात महिनाभर यावरून धुसफूस चालली होती. बिबोकाका दोघांच्याही बाजूचे होते. त्यांनी अखसारला गंभीर चेहऱ्यानं विचारलं होतं, की एक कागद फाडून दोन्ही उमेदवारांना अर्धा अर्धा दिला तर चालेल का, कारण दोघांच्याही घरची अराका दारू त्यांनी प्यायली आहे. अखसारनं नियम सांगितला. बिबोकाका म्हणाले, मग हे कसलं स्वातंत्र्य.

त्यावर सगळे हसले, अखसारही. पण त्या आधी दाराशी उभा असलेला एक मिशीवाला जे बोलला होता, ते त्याच्या मनातून जात नव्हतं. तो म्हणाला होता, प्रमुखसाहेब, तुमच्याकडची जॉर्जियन येणार आहे का मत द्यायला, की तिचा राष्ट्राध्यक्ष तिकडे बसलाय?

अखसारनं तेव्हा चेष्टेवारी नेलं. खेतागच्या मातीवर ही बाई कशी उभी होती, ते त्यानं स्वतः बघितलं होतं. तिच्याविषयी त्याच्या मनात वाकडं नव्हतं. पण ती यावी, लोकांसमोर यावी, दिवसाढवळ्या यावी, असं त्याला वाटत होतं, आणि ती येत नव्हती. त्यानं आझाला विचारलं, सकाळी काही म्हणाली का ती? आझा म्हणाली, माझ्या कानात म्हणाली असती तर तुझ्या कानात आलं असतं. आज मी इथं आहे, म्हणजे आपल्या घरी आज सगळे मुके.

जेवणाच्या वेळेला त्यानं खुर्ची तिच्या ताब्यात दिली आणि घरी निघाला. ताटाला थोरल्या मुलानं असायलाच हवं होतं.

*

तोत्राजबाबा ताटाच्या डोक्याशी उभे राहिले तेव्हा खिडकीतून आलेलं ऊन पार मेजाच्या टोकापर्यंत पोचलं होतं. उजव्या हाताला बिबो, पलीकडे गल्लीतले आणखी चार म्हातारे, मग अखसार, आणि अगदी शेवटी, धाकट्यानं जिथं उभं राहायचं तिथं, इनाल. उकडलेलं मांस आलं होतं, घरची बीअर आली होती. पोळ्यांचं ताट नानुलीनं स्वतः आणून ठेवलं आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.

या म्हाताऱ्याची प्रार्थना एके काळी ऐकण्यासारखी होती. ऐकण्यासारखी म्हणजे, लोक शेजारच्या गावाहून ऐकायला यायचे. तो शब्द नुसते म्हणायचा नाही. आधी हळू, चालत आल्यासारखा सूर लावायचा, मग एकेका नावापाशी चढायचा. थोरल्या देवाचं नाव, मग वाटसरूंचा राखणदार उआस्तिर्जी, मग डोंगर, गुरं, लेकरं. आणि प्रत्येक ओळीला सगळ्या पुरुषांच्या गळ्यातून एकदम "ओम्मेन", म्हणजे "तसंच होवो", असं उठायचं, तेव्हा छताखालच्या माणसाला वाटायचं की देव खरोखर थांबून ऐकतोय. देवाला गाण्यातून सांगितलेलं लवकर पोचतं, अशी माझी तरी श्रद्धा आहे. खेताग गेला आणि म्हाताऱ्यानं सूर सोडला. प्रार्थना तो चुकवत नसे, पण नुसती बोलून टाकत असे, सामानाची यादी वाचल्यासारखी.

पेला डाव्या हातात घेऊन त्यांनी उजव्या हातानं पोळ्या सरकवल्या. प्रार्थनेआधी असं करतात: एकावर एक ठेवलेल्या पोळ्या थोड्या थोड्या बाजूला करायच्या, म्हणजे वरून देवाला तिन्ही दिसाव्यात. वरची सरकली. तिच्या खालची सरकली. तिच्याखाली ताटाचं लाकूड लागलं.

आमच्यातल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. तीन पोळ्या शुभाच्या. दोन मेलेल्याच्या.

बिबोकाकांनी पाहिलं आणि पहिले तेच बोलले. एक मी खाल्ली असणार, म्हणाले, पण देवाशपथ आठवत नाही. कुणी हसलं नाही. बिबोकाकांनी स्वतःच घसा साफ केला आणि पेला खाली ठेवला.

"आजच्या दिवशी?" अखसार हळू आवाजात म्हणाला. त्याचा आवाज जितका हळू, तितका तो चिडलेला, हे घरच्यांना ठाऊक होतं. "मेलंय कोण आज? आपला देश?"

तो नानुलीकडे बघत नव्हता. धाकट्या भावाच्या बायकोकडे रोखून बघणं त्याला शोभलं नसतं. तो भिंतीकडे बघून बोलत होता, आणि त्या भिंतीला ती टेकून उभी होती. इनाल म्हणाला, भाऊ, चूक झाली असेल, स्वयंपाकघरात गडबड असते. अखसार म्हणाला, आठ वर्षांत झाली नाही ती आजच बरी झाली, आणि मतही दिलेलं नाही. हे बोलून गेल्यावर त्यानं स्वतःच ओठ आवळले. पण ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

तोत्राजबाबांनी हात वर केला.

त्यांना चूक वाटली नव्हती. पोळ्यांच्या कडा त्यांनी पाहिल्या होत्या: नीट गोल, नीट लोणी लावलेल्या, एकावर एक बरोबर बसवलेल्या. चुकून ठेवलेलं ताट असं दिसत नाही. कुणीतरी त्यांच्याशी बोललं होतं. ज्याला दुसरं काही बोलता येत नव्हतं त्यानं, त्यांना नक्की समजेल अशा भाषेत. त्यांनी दाराकडे मान वळवली. दारात झरेमा उभी होती, फडक्यानं हात पुसत.

"झरेमा, पोळ्या किती केल्यास?"

"तीन, बाबा."

"तिसरी कुठंय?"

झरेमानं नवऱ्याकडे पाहिलं. अखसारनं मानेनं खूण केली, सांगून टाक, संपव. इतकी वर्षं तिनं या माणसाच्या मानेची प्रत्येक खूण पाळली होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तिनं सांगितलं असतं तर म्हाताऱ्यांनी हळहळून मान हलवली असती, दोन शब्द बोलले असते, तिसरी पोळी आतून आली असती आणि ताट पुढे चाललं असतं.

"ते मी सांगायचं नाही, बाबा," ती म्हणाली. "जिनं काढून ठेवली तिला विचारा."

"झरेमा," अखसार म्हणाला.

"तिला विचारा, बाबा."

मेजाभोवतीचे म्हातारे एकमेकांकडे बघेनात. ज्या सुनेचं तोंड उघडलेलं नाही तिला विचारायचं कसं? तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला एकदमच लक्षात आलं, की या घरातली ही गोष्ट राहून गेलीय, आणि ती राहून गेलीय हे आपल्यालाही माहीत होतं.

तोत्राजबाबा तसेच उभे राहिले. खेतागनं लग्नानंतर एकदा, अंगणात लाकडं फोडताना, त्यांना म्हटलं होतं, बाबा, हिच्याकडून एकदा बोलून घ्या तरी, ही हसते तेव्हा गळ्यात काहीतरी वाजतं. त्यांनी उत्तर दिलं होतं, घाई काय आहे. मुलगा गेल्यावर या बाईचा आवाज ऐकायची त्यांना भीती वाटत राहिली. तो आवाज ऐकलेला घरातला एकटा पुरुष जमिनीखाली होता. आपण ऐकला, तर त्याचं उरलेलं हे एवढंही आपण घेतलं, असं त्यांना वाटायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

"पोरी," ते म्हणाले, "माझ्याकडून उशीर झाला. आजपासून तुझं तोंड उघडं आहे. या सगळ्यांसमोर सांगतो. बोल."

नानुली भिंतीपासून सरळ झाली. पहिल्या वेळी आवाज निघालाच नाही. दुसऱ्या वेळी निघाला. जरा जाड, खोऱ्याच्या वरच्या अंगाचा हेल असलेला.

"माझी आई गेली, मामंजी. आज पहाटे."

जे बसले होते ते उठले. अखसारनं डोळे मिटले. मग त्यानं हळूच टोपी काढली आणि ती हातात धरून राहिला.

बिबोकाका पुटपुटले, तासोबाई? झेदुबानी गावची? लग्नात माझ्या हातावर हात मारून नाचली होती ती. नानुलीनं मान हलवली आणि मग, आठ वर्षांत पहिल्यांदा या खोलीत, मोठ्यानं रडली. झरेमानं तिला धरलं.

रडणं ओसरेपर्यंत म्हातारा थांबला. "तोंड उघडायची भेट द्यावी लागते," तो म्हणाला. "तयारी काही नाही माझी. तुला काय हवं ते माग."

अशी भेट मागायची नसते, जे मिळेल ते घ्यायचं असतं. नानुलीला ते माहीत होतं. तरी ती म्हणाली, "माझ्या आईच्या दारात या. तुम्ही आलात तर मी परत येऊ शकेन. मला परत यायचंय."

अखसारला बोलावंच लागलं, आणि तो रागानं बोलला नाही हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. त्याचं म्हणणं असं, की दुःख आहे ते खरं, माणूस जायला हवा तेही खरं. पण उद्याच का, आणि बाबांनीच का? उद्या निकाल. उद्या सगळं शहर विचारणार, प्रमुखाचा बाप कुठे आहे, आणि उत्तर मिळणार, वरच्या गावात जॉर्जियन बाईच्या मयताला. जी माणसं आज कोपऱ्यात बोलतात ती उद्या चौकात बोलतील. आझाला पाठवू, झरेमा जाईल, चार दिवसांनी तो स्वतःही विचार करेल. आणि त्या वाटेवर, तो म्हणाला, आणि तिथं थांबला. त्या वाटेचं पुढचं वाक्य या खोलीत कुणीच पूर्ण करत नसे.

"बायका जातात रडायला," म्हातारा म्हणाला. "दारात उभं राहायला पुरुष लागतो. खेताग असता तर तो गेला असता. तो नाही, म्हणून मी."

"लोक, बाबा."

"लोक काय म्हणतात ते उद्या संध्याकाळी ऐकू. सकाळी मी घरी नाही."

इनाल लगेच म्हणाला, मी येतो. बिबोकाका म्हणाले, हे दोन पोळ्यांचं ताट आहे आणि मी त्याला बसलोय, आता मलाही यावंच लागणार. शिवाय ती माझ्याबरोबर नाचली होती.

मग तोत्राजबाबांनी पुन्हा पेला उचलला. तिसरी पोळी त्यांनी मागवली नाही. देशाचं नाव घेतलं, ते शेवटी आणि थोडक्यात घेतलं. आधी घेतलं ते झेदुबानीच्या तासोबाईचं. तू उजेडात राहा, ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांच्या आवाजाला जरासा हेलकावा आला. बिबोकाकांनी मान वर केली. जिनं आपली लेक दिली, तिला थोरल्या देवा, उंबऱ्यात ताटकळत ठेवू नकोस. पुढच्या ओळीला सूर लागला. थरथरता, चार वर्षं न वापरलेला, मध्येच तुटलेला सूर, पण सूरच. प्रत्येक ओळीच्या शेवटी पुरुष "ओम्मेन" म्हणत गेले, आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीपासून त्यात सगळ्यांत जाड आवाज अखसारचा होता.

*

मतदान संपायला थोडा वेळ असताना झरेमा आणि नानुली शाळेत आल्या. नानुलीच्या डोक्याला काळा रुमाल होता. जायचंच असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. झरेमानं तर उलट म्हटलं होतं, आज नको, कुणी नाव ठेवणार नाही. ती म्हणाली, मी या घरची आहे तर या घराचं काम अर्धं का ठेवू.

खोलीत पंधरा-वीस माणसं होती आणि मिशीवालाही होता. अखसार मेजामागे बसला होता. तिला दारात पाहून तो उभा राहिला. शोक असलेल्या माणसासाठी उभं राहतात, तसा. त्याच्या शेजारचे दोघं उठले. मग बाकावरचे उठले, काहींना का ते कळलं नव्हतं. प्रमुख उठला म्हणजे काहीतरी नियम असेल, असं समजून तेही उठले. मिशीवाल्यानं इकडे तिकडे पाहिलं आणि टोपी काढली.

आझानं यादी पुढे केली. नानुलीनं सही केली, पडद्याआड गेली, कागद पेटीत टाकला. कुणाला मत दिलं, ते घरात कुणी विचारलं नाही, अगदी इनालनंसुद्धा.

*

सोमवारी गाडी अखसारनंच चालवली. रात्रभर मतं मोजून त्याचे डोळे लाल झाले होते. रेडिओवर निकालाचे आकडे यायला सुरुवात झाली होती. इनालनं आवाज वाढवला आणि बाबांनी हात पुढे करून रेडिओ बंद केला. बिबोकाका मागून म्हणाले, निदान पुढे कोण आहे तेवढं कळू द्यायचं. संध्याकाळी, म्हातारा म्हणाला. ज्याला व्हायचंय तो तोपर्यंत काही पळून जात नाही.

चौकीच्या अलीकडे अखसारनं गाडी थांबवली. खाली उतरून त्यानं पहारेकऱ्यांशी बोलणं केलं, अडसर वर करवला आणि परत आला. चाव्या इनालच्या हातात दिल्या.

"इथून पुढे मला जमणार नाही, बाबा," तो म्हणाला. "आज तरी नाही."

"तू इथवर आणलंस," म्हातारा म्हणाला.

अखसारनं मागच्या खिडकीतून आत पाहिलं. भावजयीशी तोही आजवर थेट बोलला नव्हता. "कुठल्या दिवशी आणायला यायचं ते कळव," तो म्हणाला. "मी इथंच गाडी घेऊन उभा राहीन."

झेदुबानीला अंगणात माणसं जमली होती. फाटकाशी तिघे रांगेनं उभे राहिले, टोप्या काढून, हात खाली जोडून: आधी तोत्राजबाबा, मग बिबो, मग इनाल. नानुली धावत आत गेली आणि आतून बायकांचा आकांत उठला. अंगणातली माणसं फाटकाकडे बघत राहिली. कुणी या म्हणेना, कुणी जा म्हणेना.

मग झाक्रो बाहेर आला. दाढी वाढलेली, आईच्याच चणीचा, बुटका, रुंद माणूस. तो तोत्राजबाबांसमोर येऊन थांबला. म्हाताऱ्याला त्याची भाषा चांगली येत होती, त्याच्या वयाच्या सगळ्यांनाच येते. त्यांनी रीतीचे शब्द रीतीनं म्हटले. झाक्रोनं ऐकून घेतले.

"आम्हाला वाटलं, ती एकटीच येणार," तो म्हणाला. "तिची खोली झाडून ठेवलीय."

"माती होईपर्यंत त्या खोलीत राहू दे. आईजवळ राहू दे तिला. मग मी न्यायला येतो."

झाक्रो जमिनीकडे बघत राहिला. "तुमच्या मुलाच्या वेळी," तो म्हणाला, "आमच्यातलं कुणी आलं नव्हतं."

इनालनं बापाच्या पाठीकडे पाहिलं. ती पाठ हलली नाही.

"रस्ता बंद होता," म्हातारा म्हणाला.

झाक्रोनं वर पाहिलं. त्या हिवाळ्यात रस्ता कसा होता ते दोघांनाही ठाऊक होतं.

"हो," तो म्हणाला. "रस्ता बंद होता." आणि त्यानं म्हाताऱ्याच्या कोपराखाली हात दिला, त्याला आत नेण्यासाठी.

आत बायका शवपेटीभोवती बसल्या होत्या. नानुलीची आत्या, नव्वदीला टेकलेली, नजर अधू झालेली, तिच्या कुशीला रेलून होती. दारातून एक उंच म्हातारा उघड्या डोक्यानं आत आला, तासोबाईच्या उशाशी थांबला आणि हलक्या आवाजात, परक्या भाषेत काहीतरी गुणगुणायला लागला. आत्यानं कान टवकारले. हा कोण, तिनं नानुलीला विचारलं, किती छान म्हणतोय. तुझ्या नवऱ्याकडचा का?

"सासरे माझे," नानुली म्हणाली.

"तुझ्याशी बोलतात ना नीट?"

"कालच बोलायला लागलोय आम्ही," नानुली म्हणाली, आणि आईच्या हातावरची चादर सारखी केली.